हौसाकाकीची काठेरी मिरची

हौसाकाकीला आमच्या वाडीत सगळे खाष्ट म्हणायचे. होतीच ती खाष्ट, मी कशाला खोटं बोलू? दारात कोंबडी आली तरी तिला आधी शिवी, मग दाणे. पण कासू स्टेशनावरून खाडीकडे गेलं की जी शेवटची वाडी लागते, तिथल्या खाऱ्या बांधावर या बाईनं एक मिरची पस्तीस वर्षं जगवली. ती गोड स्वभावाची असती तर ती मिरची केव्हाच संपली असती, असं मी आमच्या ऑफिसात येईल त्याला ठणकावून सांगायचे. आता सांगत नाही.

मी अनिता. जन्म त्याच वाडीतला, दिली रोह्यात. रोह्याला एका संस्थेची बियाणे बँक आहे, तिथे मी बारा वर्षं काम करते. बँक म्हणजे काय, तर दोन खोल्या, त्यातली एक गारढोण, चार फ्रीजर, आणि त्यात चांदीच्या रंगाच्या पाकिटांत गावोगावचं जुनं बी. भात, वाल, काकडी, वांगी, मिरच्या. बाजारात पुड्यांतलं बी मिळायला लागल्यापासून जे घराघरांतून नाहीसं होतंय ते आम्ही गोळा करतो, सुकवतो, पाकिटात बंद करून त्याला नंबर देतो. उद्या गावातलं बी गेलं तर आमच्याकडून परत न्यावं, एवढंच. माझा नवरा म्हणतो, तुमच्या बँकेत चोर शिरला तर बिचारा उपाशी मरेल. म्हणू दे. त्याला थट्टेशिवाय येतंय काय?

आता ही मिरची. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून जो मोठा मातीचा बांध घातलेला असतो त्याला आमच्याकडे काठा म्हणतात. त्या काठ्याच्या आतल्या उतारावर, भात कापून झालं की ही मिरची लावायची, म्हणून ती काठेरी. बोटाच्या दोन पेरांएवढी, जाड, वाकडी, आभाळाकडे तोंड करून लागणारी. वाळली की काळपट लाल. चिंबोरीच्या कालवणात चार टाकल्या की वास शेजारच्या घरापर्यंत. आणि मुख्य म्हणजे खारट मातीत टिकायची. बाजारातल्या मिरचीची रोपं त्या मातीत आठ दिवसांत माना टाकतात, ही मात्र उभी. आमच्या साहेबांचे, म्हणजे प्रविण सरांचे डोळे चमकले होते ते ऐकून. खारं पाणी तर आता सगळीकडेच आत शिरतंय.

पण ती एकाच भावकीच्या पाच-सहा घरांत असायची. इतरांनी लावून पाहिली, आली नाही. माझ्या आईनं काकीच्या सासूकडून, काशीबाईकडून दोनदा बी मागून आणलं. दोन्ही वेळा वाफा बोडकाच राहिला. आई म्हणायची, "ती मिरची त्यांच्याच घराला लाभते गो, दुसरीकडं रुजत नाय." अख्खी वाडी तसंच म्हणायची. पुढे त्या घरांतली पोरं कंपनीत लागली, सुनांना बांधावर वाकायचा कंटाळा, कुणी जमीन विकून टाकली, कुणी वर्षाची मिरची पेणच्या बाजारातून आणायला लागलं. शेवटी काठेरी लावणारी हौसाकाकी एकटी उरली.

काकी या घरात आली सोळाव्या वर्षी. नवरा हिरामण मिठागरावर कामाला. उन्हाळ्यात दोघंही तिथेच, मिठाच्या पाण्यात उभी. तिचे पाय मी लहानपणी बघायचे, भेगांत मीठ जाऊन पांढरे झालेले, आणि ती त्यावर गोडंतेल चोळत सासूला शिव्या द्यायची. हिरामणकाका तापाचं निमित्त होऊन पन्नाशीच्या आत गेला. तेव्हा मुलगा मिथुन नववीत, मुलगी वैशाली लग्नाची. काकी मीठ ओढून आणि मिरची विकून उभी राहिली. पेणच्या बाजारात तिची काठेरी घ्यायला बायका थांबलेल्या असायच्या, आणि ही भाव उतरवायची नाही. "परवडत नसंल तर भोपळी मिरची खा," असं तोंडावर सांगायची.

बी तिला लग्नात मिळालं नव्हतं. त्या घरची रीत अशी, की सासूला बांधावर वाकता येईनासं झालं की ती सुनेला चुलीपाशी बसवून बी द्यायची. काशीबाईनं एकोणीस वर्षं वाट बघायला लावली. मग एके दिवशी दार लावून घेतलं, सुनेचा हात राखेत ठेवायला लावला, काहीतरी वदवून घेतलं, आणि बियांचं मडकं तिच्या मांडीवर दिलं. काय वदवून घेतलं ते काकीनं कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला काय करायचंय? तुझ्या सासूनं तुला काय दिलं ते बघ."

बँकेसाठी बी मागायला मी तिच्याकडे चार वर्षं खेपा घातल्या. पहिल्या वर्षी हसली. "बँकेत ठेवलं तर व्याज देता काय गो? ठेवलेल्या बीला पोरं होतात?" दुसऱ्या वर्षी मिरच्या दिल्या, देठ काढून, पोट फाडून, बी झाडून. आता बोला! तिसऱ्या वर्षी प्रविण सरांना घेऊन गेले, त्यांनी खाऱ्या जमिनीवर अर्धा तास भाषण दिलं. काकीनं त्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "मास्तर चांगला हाय, पण बी नाय." मिथुननंही आईला सांगून पाहिलं, ती त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. तिचं वय सत्तरीला टेकलेलं. सून मृणाली रोह्यात, धाटावच्या कंपनीत पॅकिंगला, ती काही बांधावर येणार नव्हती. काकी गेली की मिरची गेली, हे सगळ्यांना दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

मग चौथ्या वर्षी मी डोकं चालवलं. त्या डोक्याला आता काय करू? एक खण, नारळ, तांदूळ घेतले आणि बँकेची पिशवी घरी ठेवून काकीच्या ओसरीवर जाऊन बसले. नवरा गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती, मी भरली. म्हटलं, "काकी, आज मी बँकेची नाय. या वाडीची लेक हाय. माहेरवाशीण दारात आलीय, तिला रिकामी पाठवतेस का?"

काकीचं तोंड बघण्यासारखं झालं. आमच्याकडे माहेरवाशिणीला नाही म्हणत नाहीत, मग घरात काही असो नसो. तिनं खण उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाली, "लय हुशार झालीस गो रोह्याला जाऊन." आणि उठली. "बस. बी पाखडून आणते."

मी ओसरीवर बसून राहिले. आत चुलीचा धूर झाला, लाकडं ओली असावीत, तिचा खोकला ऐकू येत होता. बी पाखडायला इतका वेळ कशाला, असं एकदा मनात आलं. मग ती आली, लुगड्याच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी माझ्या ओटीत घातली आणि डोक्यावरून हात फिरवला. पुरचुंडी कोमट लागली. चुलीमागच्या कोनाड्यात राखेत ठेवलेलं बी, कोमट असणारच. मी इतकी खूश होते की काकीच्या पाया पडले. ती म्हणाली, "पाया नको पडू." मला वाटलं, लाजली.

आमच्याकडे बी आलं की आधी त्यातलं थोडं ओल्या कागदावर ठेवून बघतात, किती उगवतं ते. काठेरीचे पंचवीस दाणे ठेवले. एकही उगवला नाही. पुन्हा पंचवीस ठेवले. तेच. प्रविण सर कपाळाला आठ्या घालून बसले. तेव्हा मी, या अनितानं, शहाणपणा केला. म्हटलं, "सर, ती अशीच आहे. तिला तिचाच खारा बांध लागतो, दुसरीकडे रुजत नाही, अख्खी वाडी सांगते. माझ्या आईनं दोनदा लावली होती." सरांनाही ते पटलं. किंवा त्यांना पटवून घ्यायचं होतं, कारण एवढी चार वर्षं खपून मिळालेली जात टाकून द्यायची कुणाला हौस? त्यांनी रजिस्टरमध्ये शेरा मारला: मूळ खाऱ्या जमिनीबाहेर उगवत नाही. पाकिटाला नंबर दिला दोनशे सतरा, आणि ते थंड खोलीत गेलं. गावात परत जाऊन काकीच्याच बांधावर दहा दाणे लावून बघावेत, एवढं साधं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, पाकीट बंद झालं होतं आणि आम्हाला बरं वाटत होतं.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी काठा फुटला.

पूर्वी आमच्याकडे दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस काठ्याची माती ओढायला जायचं. ते बंद होऊन किती वर्षं झाली कोण जाणे. सगळ्यांना शिफ्ट. खेकड्यांनी पोखरलेला बांध, वरून चार दिवसांचा पाऊस, आणि श्रावणातलं पुनवेचं उधाण. भर दुपारी खांड पडली आणि खाडी आत आली. माणसं वाचली, शाळेत नेऊन बसवली. खारं पाणी घरांत पाच दिवस उभं होतं. काकीच्या घरात ते चुलीच्या वर हातभर चढलं. कोनाड्यातलं मडकं राखेसकट भरून गेलं. पाणी ओसरल्यावर मी गेले तर काकी चुलीपाशी बसून ते बी एकेक करून फडक्यावर पसरत होती. काळं पडलेलं, बुळबुळीत. मी नखानं एक दाबलं, तर त्यातून पाणी आलं.

"काकी, हे गेलं."

"दिसतंय मला," ती म्हणाली, पण हात थांबले नाहीत.

आता कुणी म्हणेल, वाळक्या मिरच्या कुणाकडे तरी असतील, त्यातलं बी काढा. मी तेवढी अक्कल गहाण टाकलेली नाही. पेणच्या बाजारातल्या तिच्या गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरले, गडब गावात गेले, मिथुनच्या सासरी गेले. सगळीकडे एकच उत्तर. मे महिन्यात मिरच्या भाजल्या, डंकावर नेल्या, मसाला केला. एकीनं बरणी उघडून दाखवली. काय सुंदर वास येत होता! मला रडू आलं, तर ती बाई घाबरून मला पाणी द्यायला लागली.

पण मला धीर होता. दोनशे सतरा नंबर होता ना आमच्याकडे! याच दिवसासाठी तर बँक काढलीय, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले. प्रविण सरही हलले होते. म्हणाले, "अर्धं त्यांना द्या, अर्धं ठेवू. त्यांच्याच जमिनीवर लावलं तर येईल." पावसानं मातीतलं मीठ धुऊन जाईपर्यंत थांबलो. कार्तिकात मी पाकीट घेऊन वाडीत गेले. सोबत पेढेसुद्धा. बायका जमल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काकी, तू चार वर्षं मला फिरवलंस, पण शेवटी दिलंस म्हणून आज तुझी मिरची वाचली. घे, तुझं तुला परत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकीनं पाकीट घेतलं नाही. मीच तिच्या हातात कोंबलं. तिचा चेहरा असा उतरला होता की मला वाटलं, भरून आलंय. काय ते आमचं वाटणं! आयुष्यभर नुसतं वाटतच राहिलं.

तिनं मला बाजूला ओढलं. हळूच विचारलं, "अनू, तू ओटी घेऊन आलीस त्या दिवशी लाकडं ओली व्हती, नाय गो?"

"होती. धूर झाला होता. का?"

"नाय, असंच. ओल्या लाकडांचा जाळ कमीच व्हतो."

मी म्हटलं, म्हातारी वयोमानानं भरकटायला लागली.

काकीनं वाफा केला तो बघायला लोक यायचे. काठ्याच्या उतारावर चार हात जागा, माती हातानं चाळलेली, दगड म्हणून नाही. गोडं पाणी वाडीत एकाच हातपंपाला, तिथून ती दोन कळश्या आणायची, सकाळी एक आणि उन्हं उतरली की एक. सत्तर वर्षांची बाई. मिथुननं ड्रम आणून दिला तर तिनं तो परत पाठवला. सासरहून, जोह्याहून वैशाली आली, आईला मदत म्हणून चार दिवस राहायला.

वैशाली माझ्याच वर्गातली. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते, शेतीही आहे थोडी. शांत मुलगी, आईवर अजिबात गेलेली नाही. ती पंपावरून कळशी भरून वाफ्यापर्यंत आणायची आणि खाली ठेवून द्यायची. मी म्हटलं, "घाल ना पाणी."

"नको गो. आईनंच घालू दे. माझा हात बीला चांगला नाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? लग्नानंतर तीनदा आईकडून हेच बी नेलं. सासूनं जागा दिली, खत दिलं. तीनदा लावलं, तीनदा गेलं. सासू म्हणाली, हिच्या हाताला येत नाय. तेव्हापासून भाताच्या पेऱ्यालाबी मला हात लावू देत नाय. सासू जाऊन सहा वर्षं झाली, पण नवरा पेऱ्याच्या दिवशी शेजारणीला बोलावतो. बावीस वर्षं झाली." हे तिनं हसून सांगितलं. सवय झाली होती. काकी चार हात अंतरावर उकिडवी बसून वाफ्यातली माती चाचपत होती. तिनं मान वर केली नाही.

आठ दिवसांत कोंब दिसायला हवा होता. दहा झाले, बारा झाले. काकी वाफ्याशी जेवायला लागली. पंधराव्या दिवशी एक हिरवं टोक दिसलं, तिनं हाक मारून वाडी गोळा केली. गवत होतं. तिनं ते उपटलं नाही, तसंच ठेवलं.

बाविसाव्या दिवशी मी गेले ते मनाशी ठरवून. म्हटलं, "काकी, खचू नकोस. थंडीत राहून बी झोपी गेलं असेल. उरलेलं अर्धं अजून फ्रीजरमध्ये आहे. ते कोमट पाण्यात भिजवून आणते, पुन्हा लावू."

"नको आणू."

"असं काय करतेस? शेवटचा उपाय आहे तो."

"अनू, नको उघडू ते पाकीट." ती वाफ्याच्या कडेला बसली होती. माझ्याकडे न बघता बोलली. "त्यात जीव नाय. मी तव्यावर शेकून दिलं तुला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हटलं, "काय?"

मग तिनं सांगितलं. काशीबाईनं राखेत हात ठेवून जे वदवून घेतलं होतं ते हेच. आपल्याकडं मोठी जमीन नाय, सोनं नाय. ही मिरची तेवढी आपली. तिचं बी जितं घराभाईर गेलं तर पेणच्या बाजारात आपल्याला कोण विचारील? कुणी मागायला आलं तर आधी टाळायचं. ज्याला नाही म्हणता येत नाही, सोयरा, पाव्हणा, माहेरवाशीण, त्याला द्यायचं, पण तव्याचा शेक दाखवून द्यायचं. रंग बदलता कामा नये, फक्त आतला जीव गेला पाहिजे. त्या पाच-सहा घरांतल्या सगळ्या सासवांनी सगळ्या सुनांना हेच शिकवलं होतं. पुरुषांना ठाऊक नव्हतं. माझ्या आईचा वाफा दोनदा बोडका राहिला तो त्यामुळे. दुसरीकडे रुजत नाही म्हणे! कुठेही रुजली असती ती. रुजू दिली नाही.

माझा संताप संताप झाला. मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, "बाई आहेस का कोण? तू एकटी उरलीस तरी तुला अक्कल आली नाही? कुणापासून राखत होतीस?"

"मला काय म्हायती काठा फुटंल म्हणून?" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज फाटलेला ऐकला. "तू ओटी भरलीस माझी! नाय कशी म्हणू? आन देऊ तरी कशी? म्हातारीला शब्द दिलाय! मला वाटलं, माझ्याकडं हायच की. तुझ्या फ्रीजात मेलेलं पडून रायलं तर कुणाचं काय जातंय?" मग खाली बसली. "लाकडं ओली व्हती गो. म्हटलं, चार दाण्यांना तरी शेक लागला नसंल. चार नाय, एक. एका दाण्यावर घर चालू व्हतं अनू. बावीस दिवस मी तेवढंच मागत व्हते."

मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "काकी, मग वैशालीला?"

ती वाफ्यातली माती हातानं सारखी करायला लागली.

"पोटच्या पोरीला?"

"तिचं लगीन झालं नं," काकी म्हणाली. "भाईरची झाली."

मी ऑफिसात जाऊन प्रविण सरांना सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, शेऱ्यावर काट मारली, आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. शेजारी काय लिहायचं ते मला सुचेना. शेवटी लिहिलं: बी मृत, जात नष्ट. ते मी माझ्याविरुद्धही लिहीत होते, कारण पुरचुंडी कोमट लागली होती ती माझ्याच हाताला.

आठवड्यानं काकीचा फोन आला. "मला जोह्याला ने." पेणहून आम्ही एसटी पकडली. वैशाली नुकतीच कारखान्यातून आली होती, कोपरापर्यंत हात शाडूच्या मातीनं पांढरे. आईला बघून तिला आनंद झाला. काकी मात्र उंबऱ्याशीच बसली, आत जाईना, आणि बसल्या बसल्याच सगळं सांगून टाकलं. तवा, शेक, काशीबाई, सगळं. एकदाही थांबली नाही.

वैशाली उभीच होती. नुसती आपल्या हातांकडे बघत होती.

"तीनदा मागितलं मी," ती म्हणाली. "तिन्ही वेळा शेकून दिलंस?"

"व्हय."

"सासू मला काय काय बोलली ते तुझ्यासमोर येऊन रडले व्हते. तेव्हाबी गप रायलीस?"

काकी उंबऱ्यावरची धूळ बोटानं पुसत होती.

"एकदाबी मनात नाय आलं तुझ्या?"

"आलं," काकी म्हणाली. "तिसऱ्या वेळंला तवा चुलीवरून उतरवला व्हता. मग परत ठेवला."

वैशालीनं डोळे मिटून घेतले. "तेव्हा तवा उतरवलेलाच राहू दिला असतास, तर आज तुझ्यासाठी मीच बी आणलं असतं गो आई. पदर भरून आणलं असतं."

एवढं बोलून ती आत गेली. मोरीवर हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. काकीनं घ्यायला दोन्ही हात पुढे केले. वैशालीनं तांब्या तिच्या हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि परत आत गेली.